सोळा की चौसष्ट

“काम काय करणार यावर?” कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईनं विचारलं, आणि भर गर्दीत कुणीतरी अंगावरची चादर ओढून घ्यावी तसं त्याला झालं. प्रश्न साधा होता. चप्पल घ्यायला गेल्यावर पायाचं माप विचारतात, तसा. बाई पन्नाशीची, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात सोडलेला, बोलताना तो छातीवर हेलकावे घ्यायचा, येईल त्या गिऱ्हाइकाला हाच प्रश्न विचारण्यात तिचा जन्म चाललेला. लोक म्हणत हिशेब, टपाल, पोरांचे खेळ. त्यावर ती मेमरी आठ म्हणे किंवा सोळा म्हणे, आणि लोक माना डोलवत. त्याला फक्त एक आकडा सांगायचा होता. चौसष्ट. घरातून निघाल्यापासून तो आकडा त्यानं गोळीसारखा गालात धरून ठेवला होता. चौसष्ट म्हणायचं, बोट दाखवायचं, खोकं उचलायचं, घरी. पण शेजारी फिरत्या स्टुलावर ताई बसली होती. पायाच्या अंगठ्यानं फरशीला रेटा देऊन अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे घेत होती, आणि त्याच्या उत्तराची वाट तीही बघत होती.

तिला आणायचं नव्हतंच. सकाळी तो बूट घालत होता तेव्हा ती आतल्या खोलीतून आली, दाराच्या चौकटीला धरून थांबली, दम खाल्ला आणि म्हणाली, “मी पण येते. माझा आवाज कुठं राहणार ते मला बघू दे की.” तो म्हणाला, “ताई, कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर. त्यात बघायचं काय?” “घर घेताना पण असंच म्हणाला होतास. चार भिंतीत बघायचं काय. मग मोरी गळते हे कुणी दाखवलं?” आत बायको खुदकन हसली. झालं. दोघी एक झाल्या की त्याचं काही चालत नसे. वाटेत ताई तीनदा-चारदा थांबली, दर वेळी कसलं तरी दुकान बघण्याच्या मिषानं. कुलपांचं दुकान, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची टपरी, नुसतंच बंद शटर. बंद शटरकडे माणूस काय बघणार? पण ताई बघत उभी राहिली, खांदे वर-खाली होत होते, आणि तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. तिच्याकडे बघितलं असतं तर थांबण्याचं कारण दोघांनाही मान्य करावं लागलं असतं.

“आवाजाचं काम,” तो बाईला म्हणाला. “अय्या, गाणी?” “पुस्तकं,” ताई म्हणाली. “मी वाचते, हा इस्त्री करतो.” बाई हसली. ताईचं हे वाक्य जुनं होतं, तरी प्रत्येक वेळी ताजं पडे, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ताई माइकसमोर पुस्तकं वाचते. लोक ती कानात घालून भाजी चिरतात, गाडी हाकतात, झोपी जातात. आणि तो त्या आवाजाच्या सुरकुत्या काढतो. पडद्यावर तिचा आवाज म्हणजे हिरव्या डोंगरांची रांग. दोन डोंगरांच्या मध्ये सपाटी, आणि त्या सपाटीवर एक बारीक उंचवटा, मुंग्यांच्या वारुळाएवढा. तो श्वास. वाक्य सुरू व्हायच्या आधी माणूस हवा आत ओढतो, त्याचा आवाज. ऐकणाऱ्याला तो नको असतो. पुस्तकांच्या कंपनीच्या नियमातच तसं लिहिलंय: श्वास, चिकट ओठांचा आवाज, घोट गिळणं, सगळं साफ. म्हणून तो वर्षानुवर्षं ती वारुळं तोडत आलाय. हात आता झोपेतही तोडू शकेल. बायको एकदा म्हणाली होती, “अहो, तुम्ही माझ्याशी बोलताना मधेच बोटं का हलवता?” तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बायको बोलत असतानाही तो तिचे श्वास तोडत होता.

“मग असं बघा दादा,” बाई चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाली, “मेमरी म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठं असू दे, ओटा वीतभर असला तर चार भांडी एकदम मांडता येत नाहीत. पुस्तकं वाचून साफ करायची म्हणता ना, सोळा पुष्कळ झाली. सोळात तुमचा सगळा स्वयंपाक आरामात. आणि एक सांगून ठेवते, या मशीनचा ओटा आतच चिकटवलेला असतो. आज घ्याल तेवढीच मेमरी. नंतर वाढत नाही.” मग इस्त्रीला कोपऱ्यावरच्या टपरीत कपडे द्यावेत तितक्या सहज तिनं सोळावाल्या खोक्यावर हात ठेवला. त्याला कळत होतं की बाई बरोबर बोलतेय. सोळाच पुरे. आत्ताच्या म्हाताऱ्या मशीनमध्ये आठ आहे, तरी कुंथत कुंथत काम होतंच. सोळा घेऊन तो पुढची कितीतरी वर्षं ताईचा आवाज साफ करत बसू शकला असता. अडचण एवढीच होती, की त्याला ताईचा आवाज साफ करत बसायचं नव्हतं.

हे वाक्य त्यानं मनात याआधी कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. त्याच्यावर तो दुसरीच वाक्यं टाकत आला होता. ताईला आराम. ताईची तब्येत. डॉक्टरच म्हणालेत, बोलणं कमी करा. माणूस नीच व्हायला लागला की आधी त्याची भाषा सुधारते. डॉक्टर खरंच म्हणाले होते. फुप्फुसांचा फोटो खिडकीसमोर धरून, पेन्सिलीच्या टोकानं पांढुरका भाग दाखवत. ताईनं विचारलं होतं, “बोलणं कमी म्हणजे वाचणं पण?” डॉक्टर म्हणाले, “वाचायचं तर मनात वाचा.” बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, “मनात वाचा म्हणे. मग जेवा पण मनातच.” आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात जाऊन बसली. कपाट म्हणजे खरोखरचं कपाट. बायकोच्या थंडीच्या कपड्यांचं, आत रजया टांगलेलं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. मोठ्या लोकांना काचेच्या खोल्या असतात, यांना कपाट. दार लावलं की ताई आत, तो बाहेर हेडफोन लावून, आणि मधल्या फटीतून एक वायर.

पूर्वी ती एका दमात पान उलटायची. त्यांचे बाबा शिंपी होते. दोन्ही हात कापडात, म्हणून पेपर ताई वाचून दाखवायची, आणि बारक्या खाली बसून दोऱ्याची टोकं गोळा करत ऐकायचा. बारक्या हे त्याचं तेव्हापासूनचं नाव. आता केस पांढरे झाले तरी ताईच्या तोंडी बारक्याच. बाबांचं मशीन चालू असायचं तोवर ताईला मशीनच्या वर बोलावं लागायचं. शिवण संपून पाय थांबला की ताईनंही वाक्य संपवलेलं असायचं. कसं जमवायची कोण जाणे. चुकून वाक्य अर्धं राहिलं तर बाबा सुई वर ठेवून थांबायचे. “घे श्वास,” म्हणायचे, “बातमी कुठं पळून जात नाही.” ते थांबणं त्याला आठवायचं. दुकानात कपड्यांचा ढीग, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि बाबा एका पोरीच्या श्वासासाठी मशीन थांबवून बसलेले, कपाळावर एक आठी नाही. आणि तो? गेल्या हिवाळ्यात एका वाक्याच्या मध्ये ताईचा श्वास तुटला. हेडफोनमध्ये नुसता घरघर आवाज, गळक्या नळात हवा शिरल्यासारखा, मग शांतता, मग पुन्हा घरघर. तो घड्याळाकडे बघत होता. त्या आवाजात त्याची सख्खी बहीण बुडत होती, आणि त्याच्या मनात जे आलं ते असं होतं: आटप ना. आटप ना एकदाची. शब्द त्यानं उच्चारला नाही. पण बोटानं रेकॉर्डिंग बंद केलं, उगाच कशाला मशीन भरायचं म्हणून. कपाटातून ताईनं विचारलं, “चालू आहे ना रे?” “चालू आहे,” तो म्हणाला.

आता एका पानाला पूर्वीच्या पाच पानांइतका वेळ लागे. वाक्याचे तीन तुकडे, तुकड्यांचे सांधे, सांध्यांवर रंधा. तो दिवसभर सांधत बसे आणि संध्याकाळी बायकोवर खेकसे. कंपनीचा माणूस फोनवर गोड बोले. “आवाज तुमच्या ताईंचाच हवा. लोकांना सवय आहे. पण जरा लवकर करा ना साहेब.” लोकांना सवय! लोकांना कुठं माहीत होतं की त्यांना ज्याची सवय आहे तो आवाज कधीच श्वास न घेणाऱ्या बाईचा आहे? अशी बाई जगात नाही. ती त्यानं केली होती, पान पान तोडून. मग जाहिरातींना संगीत देणारा त्याचा मित्र म्हणाला, “अरे, कुठल्या जमान्यात राहतोस? आवाज बनवता येतो. जुन्या रेकॉर्डिंगा भरायच्या, मशीन शिकतं, मग कुठलंही पुस्तक टाक, तुझी ताई वाचणार. ताई घरी झोपलेली असली तरी. फक्त मेमरी तगडी पाहिजे. चौसष्टच्या खाली हात घालू नको, मधेच गुडघे टेकतं.” मित्राच्या ऑफिसात चौसष्टचं मशीन होतं. तो एका दुपारी गेला. बायकोला सांगितलं बँकेत चाललोय.

रेकॉर्डिंगा भरून झाल्यावर मित्रानं कुठलीतरी कादंबरी उघडली, ताईनं आयुष्यात न बघितलेली, आणि बटण दाबलं. ताई वाचायला लागली. तीच. ‘च’ म्हणताना जिभेचं टोक जरा जास्त रेंगाळतं, तेही होतं. प्रश्नाच्या शेवटी आवाज वर न जाता किंचित बाजूला सरकतो, तेही. आजारी पडायच्या आधीची ताई. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लाज अशी की ते पाणी प्रेमाचं नव्हतं. सुटकेचं होतं. एक वाक्य संपलं, दुसरं सुरू झालं, तिसरं, चौथं, एक परिच्छेद, पुढचा. मित्र खुर्चीत अस्वस्थ झाला. “काहीतरी गडबड आहे रे,” मित्र म्हणाला. “ही बाई मेलीय का? श्वासच घेत नाही.” आणि मग त्यालाही ऐकू आलं. आवाज चालला होता, थांबत नव्हता, पाण्याखाली धरलेलं माणूस बोलत राहावं तसा. मशीनचा दोष नव्हता. मशीन ताईच्या आवाजातून शिकलं होतं, आणि ताईच्या आवाजात श्वास ठेवलाच कुणी होता? सगळे त्यानंच वेचून वेचून काढून फेकले होते. एकही राखून ठेवला नव्हता. केस कापणारा केस ठेवतो का? मित्र म्हणाला, “सोपं आहे. तिचे थोडे श्वास घेऊन ये. वेगवेगळे. मी मधे पेरतो.” थोडे श्वास घेऊन ये. शेजारून विरजण आण म्हणावं तसं.

आणि तो घेऊन आला. हे त्याच्या हातून झालं होतं, गेल्याच आठवड्यात, उजेडात, शुद्धीत. ताईला म्हणाला, “नवा माइक आणलाय. तपासायचाय. वाचू नको, नुसते श्वास घे.” ताई कपाटात बसली. “नुसते श्वास? त्याचे पण वेगळे पैसे देतात का तुझे कंपनीवाले?” “घे गं.” तिनं घेतला. “आता लहान. वाक्याच्या मधला.” घेतला. “आता मोठा, परिच्छेदाच्या आधीचा.” मोठा घेताना तिला त्रास झाला, आतून शिट्टीसारखं काहीतरी वाजलं. “हा नको, पुन्हा,” तो म्हणाला. स्वच्छ हवा होता ना! “आता प्रश्न विचारायच्या आधीचा. आता हसून झाल्यावरचा. आता रागावल्यासारखा.” “रागावल्यासारखा श्वास कसा घेतात रे बारक्या?” “घे कसा तरी.” मग एक श्वास आला, नाकातून, आखूड, ताठ. इतका खरा की त्यानं हेडफोन काढून दाराकडे बघितलं. पण लगेच ती खोकली, आणि खोकत खोकत हसली, “जमला का?” “जमला,” तो म्हणाला, आणि बोटानं खोकला तोडून टाकला. जिची फुप्फुसं उरली नाहीत त्या बाईकडून त्यानं परडीभर श्वास मागून घेतले, खोटं बोलून, आणि वर त्यातले नासके निवडून टाकले. दुसऱ्या दिवशी मित्राकडे नेऊन दिले. आता तिथला आवाज श्वास घेत होता. इतका सुंदर, की मित्र म्हणाला, “आता तुला ताईची गरजच नाही.” मित्राला यात काही वाईट बोलल्यासारखं वाटलं नाही. त्यालाही, त्या क्षणी, वाटलं नाही. ते सगळं नंतर, पायऱ्या उतरताना, जाणवलं. उरलं होतं फक्त घरचं मशीन. आणि त्यात मेमरी किती.

“चौसष्ट द्या,” तो म्हणाला. गालात धरलेला आकडा अखेर बाहेर पडला, पण इतका बारीक की बाईनं “काय?” विचारलं आणि त्याला तो पुन्हा म्हणावा लागला. “चौसष्ट.” बाईनं चष्मा खाली सोडला. “अहो दादा, एवढी नाही लागत. कशाला उगाच. वाचून साफ करण्याला चौसष्ट म्हणजे उंदीर मारायला रणगाडा.” “असू दे.” “नाही, घ्या, माझं काय जातंय? पण उद्या येऊन म्हणाल, बाईंनी गळ्यात मारली.” मग एकदम तिचा चेहरा उजळला. “हां हां हां! तुम्ही ते आवाज बनवण्याचं करणार का? मग बरोबर. परवाच एक जण घेऊन गेले त्यासाठी. माणसाचा आवाज भरायचा आणि मग आपोआप बोलत राहतं. कमाल आहे बाई!” तिनं हौसेनं ताईकडे वळून सांगितलं, “काकू, तुमची मजाच आहे मग. तुम्हाला काही करायलाच नको.”

स्टूल थांबलं. ताईचा अंगठा फरशीवर टेकलेला तसाच राहिला. “म्हणजे कसं?” तिनं विचारलं. “काही नाही गं,” तो मधे पडला, “त्या दुसऱ्याच कामाचं बोलतायत.” “तू थांब रे. मी त्यांना विचारतेय.” बाईला वाटलं गिऱ्हाइकाला रस आला. ती खुलली. “म्हणजे असं काकू, तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीन तुमचा आवाज शिकतं. मग पुस्तक टाकलं की वाचतं. तुमच्याच आवाजात. वाचणारीला यायलाच नको. घरी बसायचं मस्त.” “घरी बसायचं,” ताई म्हणाली. “श्वास कसा घेतं मग ते?” बाई गोंधळली. “श्वास? ते काय माहीत बाई. मशीन कशाला श्वास घेईल?” “नाही, लोकांना ऐकायला बरं वाटावं म्हणून,” ताई म्हणाली. “मधे मधे घालत असतील. लहान, मोठा. रागावलेला.”

ती हे बाईकडे बघूनच बोलली. आवाज चढला नाही. त्याला आपले कान लालभडक झाल्याचं बाहेरून दिसावं तसं दिसलं: आपण, पांढऱ्या केसांचे, दोन हात लोंबत सोडलेले, शाळेत पाटी चोरताना सापडलेल्या पोरासारखे. शेजारी कुणीतरी प्रिंटरचा भाव विचारत होतं. मागच्या पडद्यांवर एकच मासा एकाच वेळी वीस ठिकाणी पोहत होता. ताई त्याच्याकडे वळली. “त्या दिवशी माइक तपासत होतास ना?” “हो,” तो म्हणाला. “मग बरं,” ताई म्हणाली. “मग सांग त्यांना, किती पाहिजे.”

खोटं टिकवायचं तर सोळा म्हणायला हवं होतं. खरं बोलायचं तर चौसष्ट. एवढं सरळ आयुष्यात क्वचितच मांडून मिळतं. लोक देवळात, कोर्टात, मरणाच्या दारात खरं-खोटं करतात. त्याच्यासमोर दोन खोकी होती आणि त्यावर आकडे छापलेले होते. ताई काही मदत करणार नव्हती. ती बसली होती, बाबा सुई वर ठेवून बसायचे तशी, कपाळावर आठी नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते त्यालाही नवीन होतं. “बत्तीस,” तो म्हणाला.

“बत्तीस?” बाई म्हणाली. “बत्तीसमध्ये ते आवाजाचं धड होत नाही हं दादा, आधीच सांगते. मधेच लटकतं. आणि नुसतं साफ करायला एवढी लागत नाही. बत्तीस म्हणजे ना घर का ना घाट का.” ताईला हसू फुटलं. खरं हसू, पोटातून आलेलं, आणि आल्यावर तिला आवरेना. “बत्तीस!” ती म्हणाली. “अरे देवा. लहानपणी आंबा खाल्लास का विचारलं तर अर्धा म्हणायचा हा. सालं सापडली तरी अर्धाच.” हसता हसता दम सरला. तिनं काउंटरची कड धरली. बाई घाबरून पाणी आणायला वळली, ताईनं हातानंच नको म्हटलं. त्यानं पुढे होऊन पाठीवर हात ठेवला, तर तिनं खांदा सोडवून घेतला. जोरात नाही. कपड्यावरची मुंगी झटकावी इतकंच. पण सबंध आयुष्यात ताईनं त्याला असं झटकलं नव्हतं.

“कधीपासून चाललंय?” तिनं विचारलं. “ताई, तुझ्या तब्येतीसाठीच...” “तब्येत माझी आहे. ती मला माहीत आहे. मी विचारते, कधीपासून.” “थोडे दिवस.” “तिला माहीत आहे?” म्हणजे बायकोला. “नाही.” “म्हणजे घरात आम्ही दोघी मूर्ख.” ती थांबली. प्रत्येक वाक्यानंतर तिला थांबावं लागत होतं, आणि दर वेळी त्याची उजव्या हाताची बोटं नकळत हलत होती, तोडायला. ताईनं ती बघितली. “हलवू नको ती,” ती म्हणाली. त्यानं हात खिशात घातला. “कंटाळलास ना माझा? तसं सांगायचं. कंटाळतो माणूस. मी पण कंटाळते माझा. सकाळी उठल्यावर वाटतं, आता हे धूड पुन्हा दिवसभर ओढायचं. तू आला असतास ना, बसला असतास समोर, म्हणाला असतास, ताई, मला आता होत नाही, तुझा आवाज मला देऊन टाक. तर मी दिला असता रे. लग्गेच दिला असता. हे चौसष्ट मीच सांगितलं असतं.” बाई काउंटरमागे मान खाली घालून पावत्या सारख्या करत होती, ज्या आधीच सारख्या होत्या. “पण तू मला कपाटात बसवलंस,” ताई म्हणाली, “आणि माझ्या छातीतून श्वास काढून घेतलेस. पुन्हा घे म्हणालास. मी घेतले. मला वाटलं पोराला कामाला लागतायत.” मग तिनं पदर सारखा केला, स्टुलावरून खाली उतरली, आणि बाईला म्हणाली, “सोळा द्या. मला जमेल तोवर मी वाचीन, आणि हा वाट बघेल. नाही जमलं की बंद. लोकांनी दुसरं काही ऐकावं.”

बाईनं त्याच्याकडे बघितलं. “सोळा?” “सोळा,” तो म्हणाला. “नक्की ना दादा? नंतर वाढत नाही.” “नक्की,” तो म्हणाला, आणि हे ‘नक्की’ इतकं सहज आलं की त्याचा त्यालाच संशय आला. एवढं हलकं का वाटलं? आत्ता तर बहिणीनं भर दुकानात सोलून काढलं होतं. तोंड काळं झालं होतं. रडू यायला हवं होतं. आणि आत कुठंतरी, खालच्या खोलीत दिवा लागावा तसं, एक लहानसं गणित लुकलुकत होतं. मित्राचं मशीन. सोळा घे नाहीतर आठ घे, ताईचा आवाज तिकडे तयार होता, श्वासासकट, लहान, मोठे, रागावलेले. आज सोळाचं खोकं घरी न्यायचं, ताईचं समाधान. तिला जमेल तेवढं वाचू द्यायचं. आणि जमेनासं झालं, की तिला न कळता, एखाद्या दुपारी, बँकेत जातो म्हणून. त्यानं ते गणित मांडलं नव्हतं. ते आपलं आपणच सुटलं होतं, ती बोलत असतानाच, कदाचित ती ‘दिला असता रे’ म्हणत होती त्याच वेळी. मेंदू बेरीज करून मोकळा. सगळं कबूल करून झाल्यावरही माणसाच्या आत एक माणूस खोकं बदलून ठेवत असतो, आणि तोच खरा मालक. याआधी त्याला लाज वाटत होती ती सापडण्याची होती. ही वेगळी होती. ही कुणालाच दिसत नव्हती, आणि म्हणून तिला कुठं तोंड नव्हतं, कुठं शेवटही नव्हता.

ताई दाराकडे निघाली होती. बाई खोक्याला दोरी बांधत होती. तो तिच्यामागे गेला नसता तर काही बिघडलं नसतं. दोरी बांधून होईल, तो खोकं उचलेल, दोघं घरी जातील, बंद शटरांपाशी थांबत थांबत. ताई प्रिंटरांच्या रांगेपाशी पोचली आणि तिथंच अडली. एका प्रिंटरच्या झाकणावर तळवा टेकून उभी राहिली, पाठ त्याच्याकडे, खांदे वर-खाली. तो चालत तिच्यापर्यंत गेला. “ताई,” तो म्हणाला. “सोळानं काही होत नाही. मित्राकडे एक मशीन आहे, तिकडे...”

ताईनं मोकळा हात वर केला. थांब. ती बोलू शकत नव्हती. आतून शिट्टी वाजत होती, हवा अर्ध्यावर येऊन परत फिरत होती, पुन्हा येत होती. हेडफोन नव्हते, पडदा नव्हता, डोंगर नव्हते. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. कुणीतरी “जरा बाजूला” म्हणालं. तो बाजूला झाला नाही. तोंडातलं वाक्य तोंडात धरून उभा राहिला, आणि त्याला कळलं की हे वाक्य गिळायला अजून वेळ आहे, ताईचा श्वास परत येईपर्यंतचा सगळा वेळ आहे, आणि तिला काहीच ऐकू गेलं नसेल. त्याचे ओठ मिटू लागले. मग हात हळूहळू खाली आला. ताईनं तळवा प्रिंटरवरून काढला, चेहरा पुसला, त्याच्याकडे वळली.

“हं,” ती म्हणाली. “तिकडे काय? बोल.”